विश्राम तांडेलाने सगळं पाणी एका दिवशी बदललं

मंडळी, आधीच सांगून ठेवतो — आज जे ऐकाल त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. एकाचाही नाही! गेल्या उत्सवात याच मंडपात मी मगरीच्या पाठीवरून अख्खी वरात खाडीपार नेली, वाजंत्र्यांसकट, तेव्हा तुम्ही माना डोलावल्यात. त्याआधी हत्तीला माडावर चढवून नारळ पाडायला लावले, तेव्हाही कोणी हूं की चूं केलं नाही! पण आज? आज तुम्ही म्हणाल, बुवांचं वय झालं, आता थापा मारायला लागले. म्हणा! खुशाल म्हणा! आमच्या घरी लग्नापासून हेच चाललंय.

पेटीवाले, तुम्ही का हसता? सूर धरा.

तर आधी प्रश्न. साधा आहे. असं बघा — एका माणसाने आपल्या माणसाची हेळसांड केली. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं बघितलं नाही त्याच्याकडे. आज नाही, उद्या बघू. उद्या नाही, परवा. आणि मग एक दिवस त्याला जाग आली! कळवळा आला! बाह्या सरसावून म्हणाला — आता मी सगळं भरून काढतो. आजच्या आज. जीव तोडून! तर मंडळी, निघतं का भरून?

मागच्या आजी मान हलवतायत. हो म्हणता की नाही म्हणता, आजी? काय? डास हाकलत होता? बरं, बरं. चालू द्या.

ऐका तर!

खाडीपलीकडे, सड्याच्या, म्हणजे त्या कातळी माळाच्या, पायथ्याला एक गाव. नाव नाही सांगत, नाहीतर उद्या बघायला जाल. त्या गावात विश्राम तोडणकर. सगळे त्याला तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा मालक नव्हे, होडीचं डोकं! कुठे जाळं टाकायचं, कधी नांगर उचलायचा, हे तो सांगणार आणि बाकीचे मुकाट्याने करणार. आणि हा विश्राम तांडेल म्हणजे काय सांगू! डोळे मिटून पाण्यात बोट बुडवायचा, जिभेला लावायचा आणि सांगायचा — हे पाणी अमक्या बंदराचं, आणि काल तिथे सुरमई येऊन गेली! तुम्ही हसा. बांगडे त्याची होडी दिसली की रांग लावायचे. मी स्वतः... बरं, मी स्वतः नाही पाहिलं. पण ज्याने पाहिलं त्याला मी पाहिलंय.

अशा माणसाला पाण्यातलं कोणी काही शिकवू शकेल का? नाही ना? आणि त्याला शिकवायला आली कोण? त्याची मुलगी!

शर्वरी तिचं नाव. आई लवकर गेली, घरात दोघंच. ही पोर लहानपणापासून ओहोटीला खडकांत बसायची. इतर मुली शंख वेचायच्या, ही शंखातला जीव बाहेर यायची वाट बघायची. शिकली. समुद्रातल्या जिवांचंच शिकली. आणि एक दिवस तिने घरात, ओटीवर, खिडकीखाली, समुद्र आणून ठेवला!

अहो, खरंच! काचेची पेटी. पाच जणांचं कुटुंब जेवायला बसेल एवढी लांब. आत पाणी, पाण्यात दगड, दगडांवर पोवळी. वर निळा दिवा. आत एक पंप, तो सारखी लाट उठवतोय. काचेला चिकटलेल्या चार गोगलगाई. आणि एकच मासा — केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, नुकतीच मुंज लागलेल्या बटूसारखा इकडून तिकडे मिरवणारा.

शेजारच्या अनुसयावहिनी बघायला आल्या. बघितलं, पुन्हा बघितलं, म्हणाल्या, "तांडेल, मासा एक नि दगड दहा? कालवणाचं गणित जमायचं नाही हो!"

विश्राम म्हणाला, "वहिनी, समुद्र दारात आहे आमच्या. ही बाय म्हणते, घरात पण हवा."

आता पोवळं म्हणजे काय, ते सांगतो. सांगायला हवं. ए काका, तुमच्या बोटात ती लाल अंगठी कसली? मंगळाची ना? तेच पोवळं! तुम्ही म्हणाल खडा. खडा नव्हे हो! ते कुणाचं तरी घर होतं. मोहरीएवढे जीव असतात. पाण्यात विरघळलेला चुना कण कण उचलतात आणि आपल्याखाली घर बांधतात. त्याच्यावर पुढचं. त्याच्यावर पुढचं. महिनाभर राबले की वाढ किती? नखाच्या जाडीएवढी! आणि आपण? भूमिपूजन झालं की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला विचारतो, वास्तुशांत कधी धरू?

शर्वरीची पोवळी समुद्रातून उपटून आणलेली नव्हती बरं का. तो गुन्हा आहे. उगाच उद्या कोणी दर्यात बुडी मारू नका! तिच्या प्रयोगशाळेत वाढवलेली, बोटाच्या पेराएवढी, रीतसर परवानगीने आणलेली. एक जांभळं, फांद्याफांद्यांचं. एक हिरवं, ताटासारखं. एकाला तर इतकी बारीक बोटं होती की पंपाच्या लाटेवर ती झुलायची, वाऱ्यावर भात झुलतो तशी.

आणि त्यांचं खाणं-पिणं, हवा-पाणी, सगळं त्या पाण्यात. बाहेरचा समुद्र केवढा! तिथे घाण झाली तर वाहून जाते, चुना संपला तर नवा येतो. काचेतल्या समुद्राला कोण आहे? माणूस. म्हणून दर रविवारी काय करायचं — एक बादली जुनं पाणी काढायचं, एक बादली नवं घालायचं. बस्स! गाळण यंत्राचं स्वच्छ पाणी, त्यात तिने आणलेलं खास मीठ, जुन्या पाण्याइतकंच खारट, जुन्या पाण्याइतकंच कोमट. एक बादली. जास्त नाही, कमी नाही.

विश्राम ओसरीवरून बघायचा आणि टोमणे मारायचा. "समुद्र दारात आणि मीठ विकत? काय गो, आमच्या दर्याचं पाणी चालत नाही तुझ्या पाहुण्यांना?"

"बाबा, किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं. होड्यांचं डिझेल असतं त्यात."

"त्याच डिझेलवर शिकलीस तू!"

आणि ती हसायची. हसायची हो! तोवर सगळं बरं होतं.

मग स्थळ आलं. चांगलं स्थळ. विश्रामने न विचारता शब्द देऊन टाकला. तांडेलच तो, त्याने सांगायचं आणि होडीवरच्यांनी ऐकायचं! आणि त्याच आठवड्यात हिला दूर दक्षिणेला, एका बेटावर, पोवळ्यांवर काम करायची संधी आली. ती म्हणाली, "मी जाणार." तो म्हणाला, "मी शब्द दिलाय." ती म्हणाली, "मला विचारून दिला होतात?"

मंडळी, भांडणात माणूस बोलतो ते आठवत नाही, आणि समोरच्याच्या ते काळजावर कोरलं जातं. विश्राम काय म्हणाला? म्हणाला, "गेलीस तर या घरात पाहुणी म्हणून येशील."

ती रडली नाही. बॅग भरली. जाताना पेटीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ही पेटी मला नेता येणार नाही. ती सांभाळा. एक बादली, रविवारची. ही पोवळी वाढली तर मी समजेन की मी परत यायला हवी आहे तुम्हाला. मग मी पाहुणी म्हणून नाही येणार."

एवढंच. आणि गेली.

आता सांगा! सोपं काम की नाही? एक बादली! आमच्यासारख्या म्हाताऱ्यानेही केलं असतं, कमरेत उसण भरली असती, पण केलं असतं. आणि विश्रामने काय केलं?

पहिला रविवार आला. तो पेटीकडे पाठ करून बसला. "माझा शब्द मोडते आणि मला बादल्या भरायला लावते!" तो मासा काचेला नाक लावून बघत होता, हा त्याच्याकडे बघेना. संध्याकाळी फोन आला.

"बाबा, पाणी बदललंत?"

आता काय सांगायचं? रागावलोय, नाही बदललं, असं सांगायला तोंड उघडलं — आणि तोंडातून आलं, "बदललं गो."

"किती?"

"सांगितलंस तेवढं. समुद्रातला माणूस आहे मी. एक बादली मोजता येते मला."

पलीकडून ती बोलली. इतक्या हळू म्हणाली की त्याला नीट ऐकूही आलं नाही, "बरं वाटलं, बाबा."

बघा! पुढच्या रविवारी त्याचा राग उतरला होता. बादली घ्यावी असं मनात आलं होतं. पण मागच्या रविवारचं काय? आता बदललं तर ते खोटं होतं हे स्वतःशी कबूल करावं लागणार! म्हणून लाजेने राहिलं. त्यापुढचं सवयीने राहिलं. मंडळी, पाप करायला धाडस लागतं असं तुम्हाला वाटतं का? छे! पापाला काही म्हणजे काही करावं लागत नाही. नुसतं बसून राहायचं. ते आपोआप होतं. सगळ्यात आळशी माणसाला जमेल असं हे एकच काम!

पण एक गोष्ट तो करायचा. उन्हाने, दिव्याने पाणी आटायचं, पेटीतली पातळी खाली जायची. मग तो तांब्याभर साधं पाणी वरून ओतायचा. पातळी परत जिथल्या तिथे! बाहेरून बघणाऱ्याला पेटी काठोकाठ. काचा स्वच्छ. लाट चालू. अनुसयावहिनीसुद्धा म्हणायच्या, "छान ठेवलंय हो पोरीचं!" आणि आत पाणी तेच. जुनं. चुना संपलेलं, घाण साठलेलं. मंडळी, किती घरं अशी आहेत, सांगू का? नको सांगू? बरं, राहू दे. चहाला बोलावलंय मला तिथे.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणजे दुःख, पण आमच्या धंद्यात गंमत म्हणायचं. हा माणूस हळूहळू त्या पेटीसमोर बसायला लागला. घर रिकामं. बोलायला कोणी नाही. होडी मालकाने विकून टाकलेली. संध्याकाळी निळा दिवा लागला की हा खुर्ची ओढून घ्यायचा आणि त्या केशरी माशाला सांगायचा — आज वारा दक्षिणेकडून आहे. आज बाजारात कोळंबी महाग. आज तुझ्या बाईचा फोन आला. बोलली थोडं. मासा ऐकायचा! कधी कधी मान हलवायचा! आणि एकदा तर विश्राम म्हणाला, "लहानपणी तिला खोकला झाला होता ना, रात्रभर खांद्यावर घेऊन फिरलो होतो," तर त्या माशाच्या डोळ्यात... नाही, हे जाऊ दे. पाण्यातल्या माशाचे अश्रू दिसतात कुठे?

तर असा जीव जडला त्याचा. आणि त्याच डोळ्यांना एक दिवस दिसलं की जांभळ्या पोवळ्याची टोकं फिकी पडलीयत. वाढलं तर नव्हतंच. आलं तेव्हा होतं तेवढंच पेराएवढं. झुलणारी बोटं आखडलेली. तांडेलाला पाणी कळतं हो! त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं. आणि त्याला कळलं. हे पाणी थकलंय.

तेव्हा तरी सांगायचं होतं! फोन करायचा आणि म्हणायचं, "बाय, माझं चुकलं, आता काय करू?" त्याने फोन हातात घेतला. तिचं नाव काढलं. अंगठा त्या नावावर ठेवला. आणि मंडळी, आख्यान इथेच संपू शकलं असतं. आपण इथेच आरती करून प्रसाद घेऊन घरी गेलो असतो. एक अंगठा दाबायचा होता.

त्याने फोन खाली ठेवला.

आणि दोन दिवसांनी तिचाच आला. "बाबा, मी येतेय. उद्या सकाळी पोचते. मला पोवळी बघायचीयत."

"ये," तो म्हणाला.

"वाढली असतील ना?"

"ये तर खरी. डोळ्यांनी बघ."

फोन ठेवला आणि तो उठला. तुम्ही म्हणाल, रडत बसला असेल. छे! तांडेल तो! वादळ आलं की जो रडत बसतो तो तांडेल नव्हे. त्याने पेटीकडे बघितलं आणि म्हणाला, "रविवारची एक बादली चुकली ना? किती चुकल्या? सगळ्या! मग सगळं पाणी बदलतो! एक थेंब जुना ठेवत नाही! सगळे रविवार आज भरून काढतो!"

काय तो उत्साह! मीठ काढलं, होतं नव्हतं ते सगळं. पिंपं भरून गाळलेलं पाणी. काठीने ढवळतोय, घाम गळतोय. मीठ मात्र बरोबर जमलं हं, त्याची जीभच होती माप! पण मग आठवलं — पाणी कोमट हवं. थंडीचे दिवस. पिंपातलं पाणी बर्फासारखं. आता एवढं पाणी गरम कशात करायचं?

आणि त्याची नजर माळ्याकडे गेली.

माळ्यावर बंब होता! तांब्याचा! त्याच्या लग्नातला! आजकालच्या पोरांना बंब माहीत नाही. मधे नळकांडं, त्यात निखारे, भोवती पाणी. आणि हा बंब केवढा? हत्तीचं पिल्लू आंघोळ करेल एवढा! बायको होती तेव्हा रोज पेटायचा. ती गेल्यापासून माळ्यावर, काळाठिक्कर. विश्रामने तो खाली घेतला आणि म्हणाला, "लेक येतेय. चांगल्या भांड्यात करू." आणि चिंच घेतली, मीठ घेतलं आणि घासायला बसला! इतकी चिंच लागली की आठवडाभर गावात आमट्या फिक्या झाल्या! घासतोय, घासतोय. अंगण उजळून निघालं. कोंबडे दुपारीच आरवायला लागले, सूर्य दुसऱ्यांदा उगवला म्हणून!

अनुसयावहिनी धावत आल्या. "अहो, काय चाललंय? कोणाचं लग्न?"

"शर्वरी येतेय. पेटीचं पाणी बदलतोय."

"बंबात?"

"कोमट लागतं त्यांना."

वहिनींनी बंबाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "मला काही कळत नाही हो त्यातलं. पण तिला एक फोन करा की. विचारा, हे असं चालेल का."

"विचारायचं काय त्यात?" विश्राम म्हणाला. "जन्म पाण्यात गेला माझा, वहिनी."

तोंडाने असं म्हणाला. आणि पोटात काय होतं? पोटात हे होतं की विचारलं तर ती विचारणार — सगळं पाणी का बदलताय? दर रविवारी बदलत होतात ना?

वहिनी गेल्या. त्याने नळी तोंडाने ओढून पेटीतलं पाणी सोडलं. सगळं. अंगणातून ते वाहत गेलं. पोवळी उघडी पडली. जांभळं, हिरवं, हवेत, चिकट होऊन उभी. मासा तेवढा त्याने पातेल्यात काढला होता. मग बंबातलं कोमट, लखलखीत पाणी त्याने तांब्या तांब्याने, इतक्या हळुवार ओतलं, इतक्या हळुवार — बाळाच्या टाळूवर तेल घालावं तसं! पेटी भरली. पाणी असं की आरपार दिसावं! आजवर ती पेटी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "बघ आता. बघ तुझ्या बापाने कसं ठेवलंय."

हो. म्हणजे प्रेम होतं का? होतं! खोटं होतं का? नव्हतं! त्या बापाच्या घामातला एक थेंबही खोटा नव्हता.

आणि तांबं हे पोवळ्याला विष आहे.

काय म्हणता? हो. विष! आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो, देवाला त्यातूनच तीर्थ. आपल्याला चांगलं. पोवळ्याला, गोगलगाईंना, पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवांना जरासं तांबं पुरतं. आणि हा बंब चिंचेने घासलेला, ताजा, त्यात खारं पाणी तापवलेलं! वर जुन्यातून नव्यात एकदम. थकलेल्या जिवाला चांगलं पाणीसुद्धा एकदम सोसत नाही. उपाशी माणसासमोर पंगत वाढली तर काय होतं?

अंधार पडायच्या आत काचेला चिकटलेल्या गोगलगाई एक एक करून खाली पडल्या. झुलणारी बोटं आत गेली ती परत आली नाहीत. विश्राम बसलाच होता. त्याला कळत होतं. हात काचेवर ठेवून म्हणत होता, "अरे, नवं आहे, चांगलं आहे, उघडा ना. उघडा ना रे!" जांभळ्या पोवळ्याचं मांस फडक्यासारखं सुटायला लागलं आणि खालून पांढरा हाडासारखा सांगाडा दिसायला लागला. सकाळपर्यंत सगळी पांढरी. पाणी मात्र अजूनही आरपार. केशरी मासा परत सोडला होता, त्याला काही झालं नव्हतं. तो सगळ्या पांढऱ्या दगडांतून फिरत होता. एकटा.

आणि ती आली.

दारातच थांबली. मेलेल्या पोवळ्याचा वास येतो, मंडळी. तिला ओटीवर यायच्या आतच कळलं. बाप पाठमोरा बसलेला. ती पुढे आली, पेटी बघितली. मग अंगणात बघितलं. तिथे तो बंब, उन्हात लखलखत.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी त्यात तापवलंत?"

"कोमट लागतं म्हणाली होतीस."

"तांब्यात?"

"तुझ्या आईचा बंब, बाय. घासला चांगला."

ती पेटीकडे वळली. खुर्चीच्या पाठीवर तिने हात ठेवला. तो म्हणाला, "सगळं बदललं. एक थेंब जुना ठेवला नाही."

आणि मग तिने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं! म्हणाली, "दर रविवारी बदलत होतात ना? मग सगळं कशाला बदलावं लागलं?"

मंडळी, त्या माणसाला सगळ्या बंदरांच्या पाण्याची चव ठाऊक होती. त्याने पेटीत बोट बुडवलं, पण जिभेला लावलं नाही.

तबलजी, हात काढा जरा. 

...

आता मी तुम्हालाच विचारतो. सुरुवातीला विचारलं होतं, तुम्ही नाही दिलंत उत्तर. डास हाकलत होतात! तुमच्या घरी कोण आहे असं, ज्याच्याकडे तुम्ही महिनोन् महिने बघितलं नाहीत आणि दिवाळीला मोठी साडी घेऊन गेलात? आजारी भावाला वर्षभर फोन नाही, आणि तो गेल्यावर तेराव्याला पाच पक्वान्नं? कोणाच्या आईच्या खोलीत मोठा टीव्ही आणून लावलाय, तिच्याजवळ बसायला वेळ नाही म्हणून? प्रेमाने करता! मला ठाऊक आहे, प्रेमानेच करता! विश्रामने काय कमी प्रेमाने केलं? पण त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून विचारलं नाही. आपण मोठमोठं जे करतो ना, ते पुष्कळदा छोटं न केल्याची लाज झाकायला करतो. आणि लाज झाकायला जे करू त्याच्याखाली आपलं माणूस चिरडतं.

तोंडं का उतरली तुमची? अहो, उत्सव आहे! उतरल्या तोंडांनी घरी पाठवीन का तुम्हाला? मला पण उद्या इथेच जेवायचंय! ऐका, ऐका, शेवट ऐका — आणि याच्यावर तर तुमचा मुळीच विश्वास बसणार नाही!

शर्वरी पेटीजवळ गेली. डोळ्यांत पाणी. बापाने तिचे पाय धरायला हात पुढे केले — बापाने! — तिने ते वरच्यावर धरले. म्हणाली, "बाबा, चुकलं ते चुकलं." आणि तिचा एक अश्रू, एकच हो, टपकन् त्या पाण्यात पडला. आणि काय सांगू मंडळी! ते पांढरं पडलेलं जांभळं पोवळं, त्याच्या टोकाला रंग आला! एक बोट उघडलं! मग दुसरं! बघता बघता सगळी पेटी फुलली! पोवळी वाढायला लागली, नखाएवढी नाही, हातभर, पुरुषभर! झाकण उचललं, खिडकीतून बाहेर फांद्या गेल्या! लेक बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मी आता कुठे जात नाही, इथेच राहते!" आणि आजतागायत ती दोघं त्या घरात गुण्यागोविंदाने —

"खोटं आहे ते, बुवा!"

मागून आवाज आला. मंडपाच्या अगदी शेवटच्या खांबाजवळ एक म्हातारा उभा राहिला होता. अंगाने आडवा, उन्हाने रापलेला. टोपी त्याने काढून हातात धरली होती. सगळ्या माना मागे वळल्या. पेटीवाल्यांनी भाता सोडला.

बुवा हसून म्हणाले, "कोण हो तुम्ही? आमच्या आख्यानात खोटं काढायला आलात?"

"होडीने आलो, पलीकडून. तुमचं कीर्तन आहे असं कळलं." म्हाताऱ्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "माझं नाव बदललंत ते बरं केलंत. शेवट कशाला बदललात?"

सगळ्या माना आता बुवांकडे वळल्या. बुवांच्या हातातली झांज तशीच राहिली.

"पोवळं पांढरंच आहे," म्हातारा म्हणाला. "ती त्याच दिवशी गेली, दुपारच्या गाडीने. बोलत नाही अजून माझ्याशी. फोन करतो मी. उचलते. मी बोलतो, ती ऐकते. काही म्हणत नाही, पण ठेवतही नाही. एवढंच झालंय, बुवा. एवढंच सांगा."